डिजिटल आइनस्टाइन पेपर्स: एकीकृत क्षेत्र सिद्धांताचे पहिले प्रयत्न मुळातून वाचायचे असतील तर

गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच सिद्धांतात बसवू पाहणाऱ्या हेर्मान वाइलचा १९१८ चा सिद्धांत किंवा थिओडोर कालुझाची पाचवी मिती यांना पाठ्यपुस्तकात दोन-तीन ओळी मिळतात. कल्पना देखणी होती, पण टिकली नाही, एवढेच त्यातून कळते. ती कुठल्या पायरीवर अडली आणि हे आधी कोणाच्या लक्षात आले, हे समजून घ्यायचे तर त्या काळची पत्रे आणि लेखच काढावे लागतात. त्यासाठी फुकटात मिळणारे सर्वांत चांगले साधन म्हणजे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसची 'डिजिटल आइनस्टाइन पेपर्स' ही साइट. ती डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. संपादन कॅलटेकमधल्या आइनस्टाइन पेपर्स प्रोजेक्टचे, मूळ कागद जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे. खाते उघडावे लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत. हेच खंड छापील घ्यायचे तर एकेकाला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात.

हे परीक्षण एका कामापुरतेच आहे. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच सूत्रात बसवण्याचे १९१८ ते १९२९ या काळातले प्रयत्न वाचायला ही साइट किती उपयोगी पडते, एवढेच इथे पाहिले आहे. तेव्हा एकीकरण म्हणजे या दोनच बलांचे. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, त्यामुळे केंद्रकातल्या बलांचा प्रश्न या सगळ्या कागदांमध्ये येतच नाही. आजच्या अर्थाचे 'सर्व बलांचे एकीकरण' शोधायला येणाऱ्याची इथे निराशा होईल.

आधी मांडणी. प्रत्येक खंड दोन रूपांत आहे. एक मूळ भाषेतला, म्हणजे बहुतेक जर्मन, आणि त्याला इंग्रजीत संपादकीय टिपा. दुसरा इंग्रजी भाषांतराचा. एका रूपातून दुसऱ्यात जाण्याचा दुवा पानावरच असतो. तो वापरायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, कारण भाषांतराचा खंड एकट्याने वाचण्यासाठी नाहीच. संपादकीय टिपांचा सगळा ऐवज मूळ खंडात आहे. पत्रातली चूक कुठली, गणितातला घटक कुठे राहिला, उल्लेख कोणत्या लेखाचा, हे तिथल्या टिपांतच सापडते. जर्मन अजिबात येत नसले तरी मूळ पान उघडावे आणि खालच्या टिपा वाचाव्यात. पुढच्या काही खंडांत भाषांतर निवडक कागदांचेच आहे, त्यामुळे एखादे पत्र इंग्रजीत दिसले नाही तर ते संग्रहातच नाही असे समजू नये.

खंडांची वाटणी कळली की निम्मे काम झाले. १९१४ ते १९१८ ची पत्रे आठव्या खंडात आहेत आणि तो दोन भागांत आहे. १९१८ ते १९२१ चे लेख सातव्यात. जानेवारी १९१९ ते एप्रिल १९२० ची पत्रे नवव्यात, १९२१ ची बाराव्यात. अकरावा खंड म्हणजे आधीच्या दहा खंडांची सूची. तेराव्यापासून लेख आणि पत्रे एकत्र, कालक्रमाने येतात: जानेवारी १९२२ ते मार्च १९२३ तेरावा, एप्रिल १९२३ ते मे १९२५ चौदावा, जून १९२५ ते मे १९२७ पंधरावा, जून १९२७ ते मे १९२९ सोळावा. बाराव्यापर्यंत मात्र एकाच विषयाचे लेख एका खंडात आणि त्यावरची भांडणे दुसऱ्या खंडात. म्हणून दोन टॅब उघडे ठेवूनच वाचावे लागते.

शोधपेटी ठीक आहे, फार चांगली नाही. 'एकीकृत क्षेत्र सिद्धांत' असा विषयाचा शब्द टाकला तर उत्तरांचा ढीग येतो आणि त्यात टिपा, सूची, प्रस्तावना सगळे मिसळलेले असते. माणसाचे नाव टाकून शोधावे: वाइल, कालुझा, एडिंग्टन, ग्रोमर, कार्तां. नंतर तारखेने खंड निवडावा. जर्मन शब्द शोधायचा झाला तर स्वरावरच्या दोन टिंबांसह एकदा आणि टिंबांशिवाय एकदा, असे दोन्ही करून बघावे. पानाच्या पत्त्यातला आकडा आणि छापील पृष्ठक्रमांक जुळत नाहीत, कारण सुरुवातीची प्रस्तावनेची पानेही मोजलेली असतात. संदर्भ देताना हमखास चूक होते ती इथे. खंड आणि दस्तऐवज क्रमांक द्यावा, पत्त्यातला आकडा देऊ नये. समीकरणे पानाच्या चित्रात असल्यामुळे ती उचलून आपल्या टिपणात चिकटवता येत नाहीत, हाताने उतरवावी लागतात. मोबाइलच्या पडद्यावर खालचे निर्देशांक वाचताना डोळे शिणतात. मोठा पडदा असेल तरच या कामाला बसावे.

आता आतला माल.

वाइलचे प्रकरण हा या साइटचा सर्वांत भरघोस भाग आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. रीमनच्या भूमितीत एखादा सदिश समांतर सरकवत नेला तर त्याची दिशा वाटेवर अवलंबून राहते, लांबी मात्र तीच राहते. हेर्मान वाइलने विचारले, लांबीला ही सूट का? त्याने लांबीतला सापेक्ष बदलही वाटेतल्या प्रत्येक पावलावर ठरू दिला आणि तो ठरवणारी चार घटकांची राशी म्हणजेच विद्युतचुंबकीय विभव, असे मांडले. बंद वाटेने फिरून आल्यावर लांबीत जो फरक पडतो तो त्या वाटेच्या आतल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावर ठरतो. मेट्रिकमध्ये, म्हणजे अंतरे ठरवणाऱ्या दहा घटकांच्या राशीत, गुरुत्वाकर्षण, चार घटकांत विद्युतचुंबकत्व, आणि दोन्ही भूमितीच. कागदावर याहून सुबक काही सुचणे अवघड.

आठव्या खंडाच्या दुसऱ्या भागात ६ एप्रिल १९१८ चे आइनस्टाइनचे वाइलला लिहिलेले पत्र काढा, लगेच १५ एप्रिलचे काढा. पहिल्यात प्रतिभेची मुक्तकंठाने स्तुती. नऊ दिवसांनी सिद्धांताच्या मुळावर घाव. मुद्दा असा: लांबी वाटेवर अवलंबून असेल तर घड्याळाची चालही वाटेवर अवलंबून राहील. अणू हेही घड्याळच. मग वेगवेगळ्या विद्युतक्षेत्रांतून फिरून आलेले एकाच मूलद्रव्याचे दोन अणू वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रकाश देतील, आणि वर्णपटात ठराविक जागी बारीक, रेखीव रेषा दिसणारच नाहीत. त्या तर दिसतात. सोडियमच्या पिवळ्या रेषा प्रयोगशाळेत दिसतात तशाच ताऱ्यांच्या प्रकाशातही ओळखता येतात. एवढे एक निरीक्षण पुरले.

पुढे काय झाले हे सातव्या खंडात आहे. वाइलचा लेख प्रशियन अकादमीच्या वृत्तांतात छापला गेला तो आइनस्टाइनच्या आक्षेपाच्या पुरवणीसह, आणि त्या पुरवणीला वाइलचे उत्तर जोडून. लेख, त्याच्यावरचा घाव आणि घावावरचा प्रतिवाद, सगळे एकाच जागी छापलेले. इथे साइटची पहिली मोठी मर्यादा लक्षात येते. सातव्या खंडात पुरवणी आहे, वाइलचा मूळ लेख नाही, कारण तो आइनस्टाइनने लिहिलेला नाही. लेखासाठी अकादमीच्या वृत्तांताचा १९१८ चा खंड इंटरनेट आर्काइव्हवर शोधावा, पृष्ठे ४६५ ते ४८०. तो आधी वाचून मग पत्रांकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास एप्रिलची पत्रे नुसती शेरेबाजी वाटतात.

डिसेंबर १९१८ चे वाइलचे पत्रही चुकवू नये. आक्षेप त्याला पटला नाही, पण आक्षेप घेणारा कोण आहे हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि ती ओढाताण पत्रात दिसते. त्याचा बचाव पुढे असा आकाराला आला की अणू आपली लांबी वाटेने जपत आणत नाही, प्रत्येक ठिकाणच्या वक्रतेशी नव्याने जुळवून घेतो. असे म्हटले की रेषा वाचतात, पण मग भूमितीतली लांबी आणि मोजपट्टीने मोजलेली लांबी यांचा संबंधच तुटतो आणि सिद्धांताचे मुख्य आकर्षण जाते. १९२९ मध्ये वाइलनेच ही कल्पना लांबीवरून काढून इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या कलेवर (फेजवर) नेली, आणि आजच्या कणभौतिकीचा पाया असलेले गेज सिद्धांत त्या वाटेने आले. ते या साइटवर मिळणार नाही.

कालुझाचा पत्रव्यवहार नवव्या खंडात, एप्रिल आणि मे १९१९ खाली. थिओडोर कालुझा कोनिग्सबर्गला प्रिव्हाटडोझंट होता, म्हणजे विद्यापीठात शिकवणारा, पण पगारी प्राध्यापक नसलेला. २१ एप्रिलच्या पत्रात पाच मितींच्या दंडगोलाकार विश्वाची कल्पना आपल्याला कधी सुचली नव्हती, असे आइनस्टाइन मोकळेपणाने म्हणतो. नंतरच्या पत्रांत एकेक शंका निघत जाते. आपल्या हाती मुख्यतः आइनस्टाइनचीच पत्रे लागतात, त्यामुळे कालुझाने काय लिहिले असेल ते उत्तरांवरून ताडावे लागते. संपादकीय टिपा इथे खरोखर कामाला येतात.

अडचण आकड्यांत बघण्यासारखी आहे. पाच मितींच्या मेट्रिकचे स्वतंत्र घटक १५: गुरुत्वाकर्षणाचे १०, विद्युतचुंबकत्वाचे ४ आणि एक उरलेला अदिश, म्हणजे दिशा नसलेली राशी. कुठलीही राशी पाचव्या दिशेने बदलत नाही, ही कालुझाची दंडगोलाची अट. पाच मितींत कण सरळ वाटेने, म्हणजे जिओडेसिकने जातो, आणि पाचव्या दिशेतली त्याची गती हीच आपल्याला विद्युतभार म्हणून दिसते. लॉरेंझ बल, म्हणजे विद्युतभारित कणावरचे विद्युतचुंबकीय बल, आपोआप निघते, पण भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर लहान असेल तरच. इलेक्ट्रॉनसाठी हे गुणोत्तर, गुरुत्वीय स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागून शुद्ध संख्या केली तर, सुमारे २ गुणिले १० चा २१ वा घात येते. गतीच्या समीकरणात अदिश घटकाच्या पदाला याच संख्येचा वर्ग लागतो. म्हणजे जे पद दुर्लक्षणीय धरले होते तेच बाकी सगळ्यांना गिळून टाकते. क्षीण क्षेत्र आणि मंद गती या कालुझाच्या दोन गृहीतकांपैकी दुसरे इलेक्ट्रॉनला लागूच पडत नाही.

कालुझाचा लेख अडला. बाराव्या खंडात १४ ऑक्टोबर १९२१ चे कार्ड आहे. अडीच वर्षांपूर्वी आपण कालुझाला प्रकाशनापासून थांबवले, याबद्दल आइनस्टाइन पुन्हा विचार करतो आणि लेख अकादमीपुढे ठेवायची तयारी दाखवतो. ८ डिसेंबर १९२१ ला तो सादर झाला. या लेखासाठीही पुन्हा आर्काइव्हकडेच जावे लागते: १९२१ चा वृत्तांत, पृष्ठे ९६६ ते ९७२. वाचताना एक काळजी घ्यावी. त्यात शून्य हा निर्देशांक पाचव्या मितीसाठी आहे, काळासाठी नाही. आजच्या सवयीने वाचणाऱ्याची पहिली दोन पाने इथेच फुकट जातात. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइनच्या १९२६ च्या लेखातही तीच पद्धत आहे. क्लाइनने पाचवी मिती वेटोळ्यासारखी बंद केली आणि विद्युतभाराच्या मूलमात्रेवरून तिचा घेर काढला: ०.८ गुणिले १० चा उणे ३० वा घात सेंटिमीटर.

तेराव्या खंडात आइनस्टाइनचा सहकारी याकोब ग्रोमर याच्याबरोबरचा छोटा लेख आहे. कालुझाच्या समीकरणांना केंद्राभोवती सममित आणि सगळीकडे सुरळीत, कुठेही अनंत न होणारे उत्तर नाही, असे त्यात दाखवले आहे. याचा अर्थ, क्षेत्रातूनच इलेक्ट्रॉन घडवायची आशा या समीकरणांनी पुरी होत नाही. या सगळ्या प्रयत्नांमागचा खरा हट्ट तोच होता. नुसती दोन बले जोडणे पुरेसे नव्हते, कणही त्यातूनच निघायला हवे होते. हे ध्यानात ठेवले नाही तर एकामागून एक सिद्धांत टाकून देण्यातली घाई समजत नाही. १९१९ चा, गुरुत्वीय क्षेत्राचा पदार्थाच्या कणांशी संबंध जोडू पाहणारा लेख (सातवा खंड) यासाठी आधी वाचावा. त्यात आइनस्टाइन आपली १९१५ ची समीकरणेच बदलून बघतो.

त्याच तेराव्या खंडात जपानच्या प्रवासाची रोजनिशी आहे. जानेवारी १९२३ मध्ये हारुना मारू जहाजावरून परत येताना आइनस्टाइनने ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनची १९२१ ची कल्पना पुढे नेली. मेट्रिकपासून सुरुवात न करता समांतर सरकवण्याचा नियम, म्हणजे अफाइन कनेक्शन, आधी धरायचा. त्याचे घटक ४०. त्यातून निघणाऱ्या वक्रतेच्या टेन्सरचा सममित भाग गुरुत्वाकर्षण, विषमसममित भाग विद्युत. लेखावर जहाजाचे नाव आहे. रोजनिशी आणि लेख एकाच खंडात मिळणे ही तेराव्या खंडाची चैन, पण लेखाचे गणित रोजनिशीत शोधू नये. तिथे बंदरे आणि माणसे जास्त.

पंधराव्या खंडाबद्दल मात्र सावध राहावे. जुलै १९२५ च्या लेखात मेट्रिक आणि कनेक्शन दोन्ही असममित घेतले आहेत: १६ घटक आणि ६४ घटक. दोन वर्षांच्या अखंड शोधानंतर खरे उत्तर सापडले असे आता वाटते, अशी त्या लेखाची सुरुवात आहे. नुसता लेख वाचणारा फसतो. पुढच्या काही महिन्यांची पत्रे त्याला लागूनच वाचावीत. उत्साह किती लवकर ओसरला ते तारखांवरूनच कळते. खंड कालक्रमाने लावलेला असल्याने इथे दुसरा टॅबही लागत नाही. या काळातली एक रुतलेली अडचण अशी की अशा समीकरणांत धन भाराचे एक उत्तर निघाले की तितक्याच वस्तुमानाचे ऋण भाराचेही निघते. तेव्हा माहीत असलेले दोनच कण, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, त्यांच्या वस्तुमानात मात्र सुमारे १८३६ पटींचा फरक. इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण धन भाराचा पॉझिट्रॉन १९३२ मध्ये सापडला, म्हणजे ही 'अडचण' काही अंशी निसर्गाचीच सूचना होती.

फेब्रुवारी १९२७ च्या कालुझाविषयीच्या दोन टिपणांपैकी दुसऱ्याच्या शेवटची जोड वाचून हसू येते. आपले निष्कर्ष क्लाइनने आधीच काढले आहेत, हे त्यात मान्य केले आहे.

सोळाव्या खंडात दूर-समांतरता. जून १९२८ ची दोन टिपणे आणि जानेवारी १९२९ चा लेख. प्रत्येक बिंदूवर चार सदिशांची चौकट धरायची, तिचे १६ घटक. त्यांतून मेट्रिकचे १० जातात, ६ उरतात, आणि त्या सहांमध्ये विद्युतचुंबकत्व बसवायचे. वक्रता शून्य, टॉर्शन (भूमितीतला पीळ) शून्य नाही. गणित वाचायला सोपे नाही, आणि समीकरणे का निवडली याचे कारण लेखागणिक बदलते, हा या भागाचा सर्वांत त्रासदायक गुण. लेख वर्तमानपत्रांत गाजला तेव्हा लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानाने त्याची सहा पाने खिडकीत चिकटवली होती. हे फेब्रुवारी १९२९ मध्ये एडिंग्टनने आइनस्टाइनला कळवले, ते पत्र याच खंडात. फ्रेंच गणिती एली कार्तांचे ८ मे १९२९ चे पत्रही. त्यात तो सांगतो की हीच भूमिती आपण १९२२ मध्ये तुम्हाला समजावली होती.

आणि नेमका इथे, मे १९२९ वर सोळावा खंड संपतो. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीचे आइनस्टाइनला डिसेंबर १९२९ चे जहरी पत्र पुढच्या खंडाच्या काळात पडते. बुधाच्या उपसूर्य बिंदूच्या सरकण्याचे काय झाले, प्रकाशाच्या वळण्याचे काय झाले, ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय झाले, असे विचारून वर्षाच्या आत तुम्ही हा सिद्धांत सोडाल अशी पैज तो लावतो. आइनस्टाइनने जानेवारी १९३२ मध्ये हार मान्य केली. साइटवर नवा खंड छापील खंडानंतर काही काळाने येतो, म्हणून आधी मुखपृष्ठावरची यादी बघावी. १९३० नंतरची पंचवीस वर्षे, म्हणजे प्रिन्स्टनमधले सगळे असममित प्रयत्न, इथे धरूच नयेत. त्या काळासाठी हुबर्ट गोएनर यांचे 'लिव्हिंग रिव्ह्यूज इन रिलेटिव्हिटी' मधले दोन दीर्घ लेख (२००४ आणि २०१४) आहेत. तेही फुकट आहेत आणि त्यांत आइनस्टाइनशिवाय इतरांचे कामही येते. त्यांतला पहिला लेख उघडा ठेवूनच ही साइट वापरावी, कारण संग्रह एका माणसाचा आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव मी (Mie) याचा १९१२ चा पदार्थ-सिद्धांत किंवा फिनलंडच्या गुन्नार नॉर्डस्ट्रॉमचा १९१४ चा पाच मितींचा प्रयत्न, जो कालुझाच्याही आधीचा, इथे फक्त टिपांमध्ये किंवा पत्रांतल्या उल्लेखांत भेटतो.

एम.एस्सी.ला व्यापक सापेक्षता झालेल्या विद्यार्थ्याला आठवा, सातवा, नववा आणि बारावा हे चार खंड पुरेत, आणि त्यांसाठी पाचपैकी पाच. तेरा ते सोळासाठी चार. एक गुण कापला तो समीकरणे उचलता न येण्याचा आणि भाषांतर निवडकच असण्याचा. टेन्सर अजून शिकायचे असतील त्याने लेखांना हात न लावता फक्त खंडांच्या इंग्रजी प्रस्तावना वाचाव्यात. बाकी गोष्टी त्याला नंतरही मिळतील, साइट कुठे जात नाही.